सालईटोल्याला थांबलेली गाडी

"कौसल्या, चप्पल घाल. ठेसनावर जायचं हाय."

सुभद्रा दारात उभी होती. डोक्यावरून पदर घेतलेला आणि लुगड्यावर तिच्या नवऱ्याचं, डोमाजींचं, जुनं खाकी स्वेटर, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बहात्तर सालच्या जानेवारीतला रविवार होता. मी होस्टेलच्या ओट्यावर उन्हात बसून केस वाळवत होते. गावाहून परत आल्यापासून ती आपण होऊन माझ्याकडे आली नव्हती. कारखान्यात शेजारी बसायची, डबा शेजारी खायची, पण बोलायची नाही.

"कोणती गाडी आली?" मी विचारलं.

"कैद्यांची. पाकिस्तानी. पुढं मालगाडी घसरली म्हणतेत, म्हणून सकाळपासून उभी हाय."

"मंग आपण कायले जायचं तिथं?"

"मले पाहायचं हाय," ती म्हणाली आणि वळून चालायलाही लागली.

ओले केस तसेच गुंडाळून मी तिच्या मागं धावले.

ती दुपार सांगायची तर आधी आम्ही कोण होतो ते सांगायला हवं. सालईटोला हे नागपूरहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरचं एक लहानसं स्टेशन. चारी बाजूंना धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, तळी आणि मोहाची झाडं. तिथं सरकारनं दारूगोळ्याचा कारखाना काढला आणि मागोमाग वसाहत उभी राहिली. माझे वडील मोहाडीला मागावर लुगडी विणायचे. गिरणीच्या कापडापुढं त्यांच्या लुगड्याला गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा मी मॅट्रिक होऊन कारखान्यात लागले. आम्हा हेडाऊंच्या घरात नोकरी करणारी पहिली बाई मीच. सुभद्रा खोब्रागडे माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी. नवरा पलटणीत, कडेवर एक मुलगा, आणि हसायला लागली की सगळा विभाग तिच्याकडे बघायचा.

आमच्या विभागात सगळ्या बायाच. तोफेच्या गोळ्याच्या टोकाशी एक पितळी वाटी बसते, तिच्यात पिवळी भुकटी दाबून भरायची, हे आमचं काम. ठिणगी उडू नये म्हणून अंगावर धातूचं काही चालत नसे. गेटवरच बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, केसांतल्या पिना उतरवून खणात ठेवायच्या आणि सुती कपड्यांत आत जायचं. त्या भुकटीनं आमचे हात मनगटापर्यंत पिवळे होत. कितीही घासले तरी रंग निघायचा नाही. मी तेव्हा बिनलग्नाची. सुभद्रा म्हणायची, "कौसल्याच्या बापाचं बरं हाय वो, सरकारनंच पोरीचे हात पिवळे करून देल्ले!" आणि सगळ्या खिदळायच्या.

एकाहत्तर सालच्या पावसाळ्यापासून लढाईची बोलणी सुरू झाली आणि आमच्या वसाहतीचं नशीब फळफळलं. हे असं बोलू नये, पण खरं तेच आहे. दोन पाळ्यांच्या तीन झाल्या. ओव्हरटाइम मागेल तेवढा. ज्या बायांच्या घरी पितळेची घागर नव्हती त्यांच्या घरी रेडिओ आले. बाजारात शिलाई मशीनचं दुकान निघालं. माझ्या बापानं घरावर कौलं घालायला काढली. दिवाळीला आम्ही एकसारख्या मोरपंखी साड्या घेतल्या आणि वसाहतीत मिरवलो. स्टेशनवरून पलटणींच्या गाड्या पूर्वेकडे जायच्या. आम्ही पाळी संपवून तशाच केटल्या आणि चिवड्याच्या पुड्या घेऊन फलाटावर धावायचो. जवान खिडक्यांतून हात काढून पुड्या झेलायचे, गाणी म्हणायचे. डोमाजीही त्यातल्याच एका गाडीनं गेला. गाडी थांबली नाही, नुसती हळू झाली. त्यानं दारात लोंबकळत सुभद्राच्या हातातली पुडी उचलली आणि ओरडला, "तिखट कमी हाय वो!" ती दिवसभर तेच सांगून हसत होती.

आमचे फोरमन भौमिकसाहेब बंगाली. किडकिडीत, जाड भिंगांचा चष्मा, हिवाळ्यातही हातात छत्री. त्यांची थोरली बहीण पूर्व पाकिस्तानात, खुलन्याकडे दिलेली. त्या वर्षी तिकडे पाकिस्तानी लष्करानं जे केलं त्यात ती गेली, तिचे यजमान गेले आणि दोन मुली कुठं गेल्या ते कुणालाच कळलं नाही. साहेबांनी हे आम्हांला एकदाच सांगितलं. त्यानंतर रोज पाळीच्या सुरुवातीला आमच्या ओळीपुढं उभे राहून ते एवढंच म्हणत, "एक भी खाली नहीं जाना चाहिए, बेटी लोग." गोळा पडला आणि फुटला नाही तर तो खाली गेला. आम्ही जीव ओतून भरायचो. आमच्या विभागाचं काम किती चोख ते तिकडून कुणीतरी येऊन सांगावं असं फार वाटायचं. पण गोळा कुठं पडला, फुटला की नाही, हे आम्हांला कोण सांगणार?

लढाई लागली आणि थोड्याच दिवसांत संपली. रेडिओवर ढाका पडल्याची बातमी आली तेव्हा वसाहतीत गुलाल उधळला. सुभद्रा त्या गुलालात नव्हती. तार आधीच आली होती. कमलडांगा नावाच्या गावाजवळ लान्स नायक डोमाजी खोब्रागडे कामास आले, एवढंच. कमलडांगा कुठं आहे हे वसाहतीत कुणालाच माहीत नव्हतं. भौमिकसाहेबांनाही नाही. पलटणीचा एक माणूस तिच्या सासरी जाऊन आला, पण तो मागच्या छावणीत स्वयंपाकावर होता, त्यानं लढाई पाहिलीच नव्हती. ती परत कामावर आली त्या दिवशी गेटवर सवयीनं तिचा हात गळ्याशी गेला. तिथं उतरवायला काही नव्हतं. हात तसाच क्षणभर राहिला, मग तिनं पदर सारखा केला आणि आत गेली.

तर त्या रविवारी आम्ही स्टेशनवर पोचलो.

गावातली बरीच मंडळी जमली होती. बाजारातली काही पोरं तारेच्या कुंपणापलीकडून शिव्या देत होती. एकानं दगड भिरकावला तो डब्याच्या पत्र्यावर आपटला. बंदुकवाले शिपाई गाडीच्या दोन्ही बाजूंना उभे होते. खिडक्यांना आडवे गज. आत माणसं दाटीनं बसलेली, दाढ्या वाढलेल्या, कांबळी पांघरलेली. मी काय पाहायला मिळेल असं समजून गेले होते कोण जाणे. पावसाळ्यापासून भिंतीवरच्या चित्रांत पाकिस्तानी शिपाई पाहिले होते, राक्षसासारखे दात असलेले. हे तर आमच्या मोहाडीच्या बाजारात बैल विकायला येणाऱ्या लोकांसारखे दिसत होते. एक जण कांबळ्याच्या टोकानं नाक पुसत होता.

फलाटाच्या टोकाला भौमिकसाहेब दिसले. छत्रीवर दोन्ही हात टेकून एकटेच उभे होते.

पहारेकऱ्यांचा हवालदार आमच्याकडे आला. "बाई, मागं व्हा. इथं यायचं नाही." तो साताऱ्याकडचा निघाला.

सुभद्रा त्याच्यासमोर उभी राहिली. "माझा मालक पलटणीत होता. कमलडांग्याले गेला. या कैद्यायच्यात कोणी तिथं होता काय, एवढं मले विचारू द्या. मी काही करणार नाही."

हवालदारानं तिच्या अंगावरच्या स्वेटरकडे पाहिलं. टोपी काढून डोकं खाजवलं. "विचारा, वहिनी," तो हळूच म्हणाला. "पण आत काही द्यायचं नाही आणि घ्यायचं नाही. आणि वेळ लावू नका."

मग ती एकेका खिडकीशी जाऊन विचारू लागली. "कमलडांगा? कमलडांगा में कोई था?" माणसं तिच्याकडे बघायची आणि मान हलवायची. कुणी तोंड फिरवायचं. एका डब्यात कुणीतरी काही बोललं आणि दोघे-तिघे हसले, तशी हवालदारानं बंदुकीचा दस्ता पत्र्यावर हाणला. मी तिच्या मागून चालत होते. मला वाटत होतं, कुणी नसलेलंच बरं.

शेवटून तिसऱ्या डब्यात एक माणूस म्हणाला, "मैं था."

चाळिशीचा असेल. गालावर पांढरे खुंट, उजव्या हाताला मळकं बँडेज. झेलमकडचा शेतकरी आहे असं पुढं बोलण्यात आलं. सुभद्रानं दोन्ही हातांनी गज धरले. इतक्या खिडक्या हिंडली, पण आता विचारायचं काय, हेच तिला सुचेना. शेवटी ती म्हणाली, "कैसा गाँव है वो?"

त्या माणसालाही हा प्रश्न अपेक्षित नव्हता. त्यानं कांबळं खांद्यावर सारखं केलं. मग सांगू लागला. त्याची बोली आम्हांला सगळी कळत नव्हती, पण कळत होतं तेवढं पुरेसं होतं. गाव लहान. गावाबाहेर विटांची भट्टी, तिच्या आडोशानं यांचे खंदक. पुढं धानाची शेतं, कापणी झालेली, पण कुठं कुठं पाणी साचलेलं. पलीकडे बांबूचं बन. नदी होती, पण दूर. नुसता आवाज यायचा.

"आमच्यासारखंच मंग," सुभद्रा माझ्याकडे वळून म्हणाली. "धानाचं गाव." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. पुन्हा ती त्याच्याकडे वळली. "ठंडी थी?"

"थी. पर हमारे पंजाब जैसी नहीं. धुंद बहुत थी. सुबह हाथ नहीं दिखता था."

"हमारे लोग किधर से आये?"

"बाँसों में से."

"खाना खाया होगा उन्होंने?"

तो माणूस तिच्याकडे बघत राहिला. आदल्या संध्याकाळी बांबूतून धूर निघत होता, असं काहीसं तो म्हणाला. "चूल्हे जले थे. खाया होगा, बहन."

"और... देर लगी? जो गिरे उनको?"

"नहीं. जो गिरा, जल्दी गिरा."

खरं सांगत होता की तिच्यासाठी बोलत होता, हे मला आजही ठरवता येत नाही. सुभद्रानं मात्र मान हलवली, जणू तिला हवं ते मिळालं.

भौमिकसाहेब कधी आमच्या मागं येऊन उभे राहिले ते कळलं नव्हतं. ते म्हणाले, "सुभद्रा, इसको पूछो. गाँव की औरतों का क्या किया, वो पूछो."

माणसानं मान खाली घातली. "मैं खेती करनेवाला आदमी हूँ, साब. मैंने किसी को हाथ नहीं लगाया."

"वो नहीं पूछा," सुभद्रा म्हणाली. मघाचा मऊपणा तिच्या आवाजात उरला नव्हता. "तुमने देखा?"

आतला दुसरा कैदी त्याला मागं ओढू लागला. त्यानं खांदा सोडवून घेतला.

"देखा," तो म्हणाला.

"देखा, फिर?" साहेब छत्रीच्या टोकानं फलाट टोचत होते. "फिर क्या किया?"

"कुछ नहीं किया, साब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं ते छत्री उचलून गजांवर मारतील. ते वळले आणि फलाटाच्या कडेनं चालत दूर गेले. कुंपणापाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले.

आम्हीही निघालो असतो. पण त्या माणसाची नजर गजांवरच्या सुभद्राच्या हातांवर पडली होती. उन्हात ते हात पिवळेजर्द दिसत होते. "किसको पूछ रही हो, बहन?" त्यानं विचारलं. "हाथ पीले हैं. नया ब्याह है?"

कारखान्यात काय बनतं हे बाहेर कुणाला सांगायचं नाही, असं आमच्याकडून लिहून घेतलेलं होतं. सांगितलं तर नोकरी जायची. मी सुभद्राचं स्वेटर ओढलं. तिनं माझा हात झटकला आणि धानाच्या बांध्यांपलीकडे दिसणाऱ्या धुराड्याकडे बोट केलं.

"वो दिखता है? ये रंग वहाँ का है. हम दोनों वहाँ तोप के गोले भरते हैं."

हवालदारानं ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोन पावलं पलीकडे जाऊन उभा राहिला.

कैदी पहिल्यांदा तिच्या हातांकडे आणि मग माझ्या हातांकडे बघत राहिला. मी ते पदराखाली घेतले. आत दोघं-तिघं पुढं वाकून बघू लागले. बहुतेक आतल्यांनाही कळलं असावं. तो रागावला असता, थुंकला असता, तर मी तयार होते. तो शांतपणे, एखाद्या कारागिराच्या कामाबद्दल बोलावं तसं म्हणाला, "अच्छा भरती हो, बहन. दिन-रात गिरे हमारे ऊपर. एक भी खाली नहीं गया."

इतके महिने मी ज्या शब्दांची वाट पाहिली होती, ते नेमके तेच शब्द होते. तिकडून कुणीतरी येऊन सांगावं असं वाटत होतं, आणि तिकडचाच माणूस सांगत होता. मी डब्याच्या पायरीचा दांडा धरला.

सुभद्रा म्हणाली, "मेरा आदमी वहीं गया. कमलडांगा में."

"हमारी खंदक के सामने भी गिरे थे कुछ लोग," तो म्हणाला. "गोली मैंने भी चलाई थी."

दोघांच्या मध्ये फक्त गज होते. इतक्यात पुढं इंजिनानं शिट्टी दिली. शिपाई पायऱ्यांवर चढू लागले. हवालदार म्हणाला, "वहिनी, झालं आता. मागं या."

डब्यांना धक्का बसला आणि गाडी हलली. सुभद्रानं गज सोडले. मला वाटलं संपलं. पण गाडी थोडी पुढं सरकली आणि ती एकदम तिच्याबरोबर धावू लागली. पदर डोक्यावरून पडला, स्वेटरच्या बाह्या सुटून हातांवर आल्या. खिडकीशी पोचून तिनं सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडून सांगितलं, "डोमाजी खोब्रागडे! डोमाजी खोब्रागडे नाम था उसका! गाँव आसोला! याद रखना!"

त्या माणसानं गजांना चेहरा लावला. त्याच्या तोंडाची हालचाल दिसली, म्हणजे तो ते नाव म्हणून बघत होता. मग त्यानं बँडेजचा हात गजांतून जेवढा निघेल तेवढा बाहेर काढला आणि आमच्याकडे बघून, दोघींकडे बघून, ओरडला, "मेरा छोटा भाई था मेरे साथ! शेर मुहम्मद! गोला सीधा खंदक में आया! शेर मुहम्मद!"

गाडीचा वेग वाढला. शेवटचा डबा गेला. रुळांवर ऊन पडलं. पोरांची ओरड कधीच थांबली होती.

परत येताना आम्ही दोघी बांधावरून एकामागं एक चाललो होतो. बरंच अंतर गेल्यावर मी विचारलं, "नाव कायले सांगितलं त्याले?"

ती न थांबता म्हणाली, "ज्याच्या गोळीनं गेला असंन, त्याले नाव तरी माहीत असावं ना वो. नाहीतर कुत्र्या-मांजरासारखं झालं." थोडं चालली. मग म्हणाली, "त्यानंबी मंग आपल्याले सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वेळेवर कामावर होती. मीही गेले. गेटवर बांगड्या काढल्या, आत जाऊन बसले, पितळी वाटी पुढं घेतली. आजपर्यंत ती नुसती वाटी होती. त्या दिवशी ती हातात घेतली आणि मनात शेर मुहम्मद असं आलं. ती बाजूला ठेवून दुसरी घेतली, तरी तेच. तो कसा दिसत असेल, झेलमला त्याची बायको असेल का, तीही कुणाला तरी ते गाव कसं आहे म्हणून विचारत असेल का, असं मनात येत राहिलं. हात चालेनात. आमच्या कामात हात चुकला तर आपल्याच ओळीच्या चिंध्या व्हायच्या. मी उठले आणि साहेबांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, मला नाही जमणार आता."

भौमिकसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत. "कौसल्या," ते म्हणाले, "मेरी दीदी के टाइम पे उधर किसीने गोला नहीं भरा था. कोई होता भरनेवाला, तो शायद वो बचती." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मगर तुम जाओ. तुम्हारा हाथ रुक गया है. मैं किसी का रुका हुआ हाथ नहीं चला सकता."

जेवणाच्या सुट्टीत सुभद्रानं मला धुतलं. तिला असं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"तू जाशीन वो, तुले बाप हाय, उद्या नवरा भेटंन. मी कुठी जाऊ?"

"तुले जा म्हणत नाही मी."

"मले चांगलं नाही वाटत तुझं हे. तुले काय वाटलं, मले काही वाटलं नाही काय? रातभर त्या शेर मुहम्मदाचं नाव माझ्या कानात हाय. पण मी उठली तर माझ्या जागी नवी पोरगी बसंन. तिनं कच्चं भरलं आणि आपल्याच तोफेत फुटलं तर? डोमाजीच्या मागं तोफा होत्या म्हणून तो बांबूपर्यंत तरी गेला. तोफा नसत्या, तर सारी पलटण तिथंच राहिली असती." तिनं डब्याचं झाकण दाबून बसवलं. "मी नीट भरीन. मले दुसरं काही येत नाही."

"आणि मले आता ते येत नाही," मी म्हणाले.

ती डबा तसाच बांधून उठली.

मी घरी परतले तेव्हा वडिलांनी महिनाभर माझ्याशी अबोला धरला. घराची अर्धीच कौलं झाली होती, ती तशीच राहिली. उन्हाळ्यात समजलं, कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला, तिसरी पाळी बंद झाली, नव्या घेतलेल्या कितीतरी बायांना घरी पाठवलं. सालईटोल्याच्या बाजारातल्या रेडिओवाल्यानं म्हणे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला सुरुवात केली होती, "बाई, पुढची लढाई कधी म्हणतेत?" सगळे हसायचे. तोही हसायचा, पण विचारायचा.

पुढं माझं लग्न तुमसरच्या एका शाळामास्तरांशी झालं. मी बालवाडी चालवली. सुभद्रा कारखान्यातच राहिली. सुरुवातीची काही वर्षं आमचं बोलणं नव्हतं. मग तिचा मुलगा तुमसरला शिकायला आला तो माझ्याच घरी राहिला, आणि आमचं पुन्हा सुरू झालं, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. मुलाला तिनं सैन्यात जाऊ दिलं नाही. तो ट्रॅक्टरच्या कंपनीत लागला. भौमिकसाहेब रिटायर होऊन कलकत्त्याला गेले. दोन भाच्यांना ते शेवटपर्यंत शोधत होते असं कळलं.

सुभद्रा निवृत्त झाली त्या दिवशी मी मुद्दाम सालईटोल्याला गेले. हार, शाल, भाषणं झाली. ज्या मुलींना तिनं शिकवलं त्या रडल्या. नंतर आम्ही दोघी तिच्या क्वार्टरच्या मागच्या दारी खाटेवर बसलो. तिनं माझ्यासाठी आंबील केली होती. बोलता बोलता ती म्हणाली, "कौसल्या, एक सांगू? कोणाले सांगत नाही मी हे. त्या साली लढाईच्या आधी आपले जे दिवस होते ना, पाळी संपली की केटल्या घेऊन धावायचो, डोमाजी होता, तू होतीस... तेवढं सुख मले पुन्हा कधी भेटलं नाही."

"मलाही नाही," मी म्हणाले. आणि म्हणताना मला कळलं की हे वाक्य इतकी वर्षं मी स्वतःशीसुद्धा उच्चारलं नव्हतं. आमची ती मोरपंखी दिवाळी, ती गाणी, ती कौलं, सगळं कशातून येत होतं, हे आम्हांला नीट माहीत होतं. तरी ते दिवस आठवले की आजही मन भरून येतं. त्याला काय करावं?

मग मला एकदम सुचलं. "सुभद्रा, आपल्याला त्याच्या भावाचं नाव माहीत आहे. त्याला डोमाजींचं माहीत आहे. पण जो आपल्याशी बोलला, त्याचं नाव काय होतं?"

ती विचार करू लागली. कपाळावर आठ्या आल्या. मग तिच्या लक्षात आलं. तिनं हातातला पेला खाली ठेवला.

"विचारलंच नाही आपण," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "जित्या माणसाचं नाव कोण विचारते वो?"